खुर्च्या मागितल्या म्हणून

मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की इथे इंग्रजी झाडायचं नाही. कॉलेजात काय ते. साइटवर जो जास्त इंग्रजी बोलतो त्याला काम येत नाही, असंच लोक धरून चालतात. भाचीने मान डोलावली होती. सिव्हिलचं तिसरं वर्ष संपवून सुट्टीत ती इंटर्नशिपसाठी मामाकडे राहायला आली होती. मामा त्या इमारतीवर सुपरवायझर. त्याच्या शब्दाखातर कंत्राटदाराने तिला ठेवून घेतलं होतं. ठेवून घेतलं म्हणजे हेल्मेट दिलं आणि कुणाच्या पायात येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता. काँक्रीटची गाडी खाली येऊन घरघरत होती, पंपाचा पाइप वर चढला होता, माणसं गमबूट घालून सळयांच्या जाळीवरून बिनदिक्कत ये-जा करत होती. भाची फिरत फिरत गॅलरीच्या टोकाशी गेली आणि तिथेच थबकली.

गॅलरी म्हणजे इमारतीने बाहेर काढलेला हात. लांब केलेल्या हातावर बादली अडकवा, ओढ बसते ती खांद्याच्या वरच्या अंगाला. म्हणून गॅलरीत मुख्य सळया वर लागतात, खाली दबल्या तर गॅलरी मुळाशी मोडू शकते, आणि त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचे चार पायांचे आधार देतात. साइटवर त्यांना चेअर म्हणतात. इथे एकही नव्हती. बुटांखाली दबून वरच्या सळया खालच्यांना जाऊन चिकटल्या होत्या, थकलेल्या माणसाने अंग टाकावं तशा.

ती तशीच कंत्राटदाराकडे गेली. शेजारी मामा होता. त्याची ताकीद आठवून तिने मराठीतच सांगितलं, "गॅलरीत खुर्च्या नाहीयेत."

कंत्राटदाराने तिच्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने खाली हाक दिली, "अरे, मॅडमचे पाय दुखले. खुर्ची पाठवा एक."

वॉचमनच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची हातोहात वर आली. कंत्राटदाराने स्वतःच्या रुमालाने ती पुसली आणि नवरीला पाट मांडावा तशी तिच्यासमोर मांडली. सगळी गँग हसली. हसू द्या, उन्हात राबणाऱ्यांना हसायला काहीतरी हवंच असतं. पण मामाही हसला. मोठ्याने नाही, मिशीतल्या मिशीत. ते तिने पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

"मी सळयांखालच्या खुर्च्या म्हणतेय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला ते कळलंय."

कळलंच होतं. कंत्राटदाराने ते नाकारलंही नाही. ओतता ओतता लोखंडी आकड्याने सळया वर ओढून घेऊ, नेहमीच घेतो, एका गॅलरीपायी गाडी खोळंबवायची नसते, आत माल घट्ट होतो, हे काही पुस्तकात लिहिलेलं नसतं, असं सगळं त्याने तिला समजावलं. लहान मुलाला औषध पाजावं तशा सुरात.

मामाने तिला दंडाला धरून जिन्याच्या तोंडाशी नेलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणाला. तिचं काय, ती महिन्याभराने कॉलेजात परत जाणार, त्याला इथेच दिवस काढायचे आहेत. तिच्या आईला त्याने शब्द दिलाय, पोरगी शिकून परत येईल, भांडून नाही.

"मामा, आकड्याने ओढलेली सळई वर राहते का?"

मामा हेल्मेटचा पट्टा ओढायला लागला.

"सांग ना. राहते का?"

"नाही राहत," मामा म्हणाला. "सोडली की बसते खाली."

त्याला माहीत नसतं तर तिने त्याला माफ केलं असतं. माहीत नसण्याला इलाज असतो. पण हा माणूस सगळं जाणून मिशीत हसला होता! तिने दंड सोडवून घेतला, तरातरा परत गेली आणि गॅलरीच्या मधोमध सळयांमध्ये पाय रोवून उभी राहिली.

"ओता आता," ती म्हणाली.

पाइप धरणारा पाइप धरून राहिला. गँगचं हसणं विरलं. कंत्राटदाराचा आवाज मात्र चढला. त्याने तिला काही म्हटलं नाही, जे म्हणायचं ते मामाला म्हटलं: भाचीला उचल, नाहीतर उद्यापासून दोघंही तोंड दाखवू नका. मामा जाळीवरून तोल सावरत आला. चेहरा लालबुंद. आता हा आपल्याला फरफटत नेणार, असं तिला वाटलं, आणि तिने सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या फळ्यांच्या, कडेची बल्ली घट्ट धरली.

"मागच्या बाजूने सुरुवात करा," मामा मागे वळून ओरडला. "गॅलरी शेवटी घेऊ." आणि सळई वाकवणाऱ्याला त्याने उरलेल्या तुकड्यांच्या चेअर करायला सांगितल्या.

संपलं. पाइप मागे गेला, काँक्रीट पडायला लागलं, गाडी क्षणभरही खोळंबली नाही. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी खुर्ची वर आणली, रुमालाने पुसली, तिच्या आईचं नाव काढलं! तिचा राग निवायच्या ऐवजी दुप्पट झाला.

मामा गुडघ्यांवर बसून तार पिळत होता. पिळताना पुटपुटत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं काहीसं. ती सळया उचलून धरत होती. धरता धरता तिची नजर कडेवरून खाली गेली. एकाखाली एक, प्रत्येक मजल्याची गॅलरी हवेत हात काढून उभी होती. सेंट्रिंग उतरलेलं, प्लास्टर झालेलं, गुळगुळीत.

"खाली काय केलं होतं?" तिने विचारलं. "आकडाच?"

तार पिळणं थांबलं. "तपासून सही मीच केलीय," मामा म्हणाला. तिने ते विचारलं नव्हतं. पण उत्तर तेच होतं.

खिशातल्या नकाशाच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचा नंबर होता. तिने तो लावला आणि फोन मामासमोर धरला.

"तू बोल. नाहीतर मी बोलते."

"घरी बोलू," मामा म्हणाला. "माझी नोकरी जाईल गं."

"तिथे लोक खुर्ची टाकून बसतील, मामा. पोरं खेळतील."

फोन उचलला गेला. पलीकडचा आवाज दोनदा हॅलो म्हणाला. मामाने हातातल्या तारेकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तिने फोन कानाला लावला, आपण या साइटवर शिकायला आलेली विद्यार्थिनी आहोत म्हणून सांगितलं, आणि खालच्या गॅलऱ्यांबद्दल बोलायला लागली. पंपाच्या आवाजातही कंत्राटदाराला शब्दन् शब्द ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.