पालथ्या टबाशेजारचा बाक

सन २०११, महिना नोव्हेंबर. कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या काठाला बर्फाची पहिली साय धरू लागलेली, असा हिवाळ्याचा आरंभ. त्या सुमारास मला आयनारच्या घराच्या तळघरात उतरवण्यात आले. मी शाळेचा बाक आहे. बोलण्याची मला सवय नाही. माझ्यावर बसणाऱ्याने गप्प बसावे, हीच शिस्त मी जन्मभर पाहिली. तरीही बोलतो, कारण मासळीच्या एका टबाने माझी जागा बळकावली, आणि ती हकिगत कुणीतरी नीट, क्रमाने सांगितली पाहिजे.

आधी माझे कूळ सांगतो. मेपलचे लाकूड, बिडाचे पाय, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली, उजव्या कोपऱ्यात दौतीसाठी गोल भोक. गावाबाहेरच्या एकखोली शाळेत पहिल्या रांगेत माझी जागा होती. थोरा तेथे शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा जेमतेम विशीच्या होत्या. मासेमारांची दांडगी मुले त्यांच्या नुसत्या भुवईला घाबरत. पुढे ती शाळा बंद झाली, सामान लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी मला घरी नेले. मात्र घरी म्हणजे बागेतल्या खोपट्यात. तेथे माझ्यावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या जात. कुंड्यांच्या ओलीची वर्तुळे माझ्या अंगावर अजून आहेत. ती मी कधी मिरवली नाहीत.

आयनार हा थोरांचा मुलगा. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराला भोके पाडून, बर्फाखाली जाळी सोडून तो मासे धरतो. त्याची बायको लिल्या, आणि त्यांची चार वर्षांची मुलगी सोली. सोली थोरांना ‘अम्मा’ म्हणते, त्यांच्या आइसलँडी बोलीत अम्मा म्हणजे आजी, म्हणून सारे घरच आता त्यांना अम्मा म्हणते. मीही तेच म्हणेन.

सोलीला आपण घरीच शिकवायचे, असे लिल्याने ठरवले होते. आणि नवशिक्या आया जी चूक करतात, तीच तिने केली: घरात शाळाच उभारली. तळघरात भिंतीवर अक्षरांची पट्टी आली, कॅलेंडर आले, कोपऱ्यात झेंडा आला, पितळी घंटा आली, आणि मधोमध मी आलो. मला वॉर्निश लावण्यात आले. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पहिल्या रांगेत होतो. खरे तर रांग एकच होती, आणि तिच्यात मी एकटाच.

नऊ वाजता घंटा होई. सोली झोपेच्या कपड्यांत जिना उतरे. मी मोठ्या मुलांसाठी घडलेला. तिचे पाय अधांतरी लोंबकळत.

“आई, हा बाक मला चावतो,” ती म्हणे.

मी चावतो! मी तिला अगदी अलगद धरले होते.

आठवडाभरात घंटा वाजली की सोली जिन्याखाली लपू लागली. एके सकाळी तिला बाहेर ओढताना लिल्याच जिन्यावर बसून रडली. मग तिने डोळे पुसले, दिवा मालवला आणि मुलीला घेऊन वर गेली. घंटा पुन्हा वाजली नाही.

तळघरातल्या भट्टीची गरम हवा वर नेणारी पत्र्याची नळी माझ्या डोक्यावरून जाते. स्वयंपाकघरातला शब्द न् शब्द तिच्यातून खाली येतो. त्या नळीने माझे सारे दुःख मला बसल्या जागी आणून दिले.

“बाबा, तुझा टब मला दे.”

“अगं, त्याला माशांचा वास येतो.”

“मला आवडतो.”

तो निळा, प्लास्टिकचा, मासळी वाहून वाहून ओरखडलेला टब! तो चुलीजवळ पालथा घातला गेला. सोली जमिनीवर गुडघे टेकून बसली की तो बरोबर तिच्या छातीशी येई. त्याच्यावर ताटात पीठ पसरून ती बोटाने अक्षरे काढी. त्याच्यावर जाळे तरंगत ठेवणारे गोळे मांडून लाल एकीकडे, पांढरे दुसरीकडे करी. आकडे म्हणताना तळहाताने त्याच्या पाठीवर थापा मारी, आणि प्रत्येक थाप मला खाली ऐकू येई. माझ्यावर कोणी हात आपटला असता तर एके काळी त्याला कोपऱ्यात उभे राहावे लागले असते. आता वाटे, एकदा तरी आपटावा.

थंडी उणे पस्तिसावर गेली तेव्हा मला मोठी आशा वाटली. अशा थंडीत प्लास्टिक तडकते. एके दिवशी आयनार घाईत तोच टब बर्फावर घेऊन गेला. तो फुटो, हरवो, भोकातून तळाला जावो, असे मी दिवसभर चिंतले. संध्याकाळी टब धडधाकट परतला, आणि सोलीने त्याला गरम पाण्याने आंघोळ घातली. मला साधे फडके मिळून महिना लोटला होता.

रविवारी अम्मा आलुबुखाराच्या थरांचा केक घेऊन येत. जानेवारीतल्या एका रविवारी नळीतून हे ऐकू आले:

“तळघरातली शाळा बुडाली म्हणे.”

“बुडाली नाही अम्मा, वर आली,” लिल्या म्हणाली.

“वर म्हणजे? माशांच्या टबावर?”

“टब धुतलाय.”

“जन्मभर शिकवलं मी. पालथ्या टबावर शिकलेलं पोर अजून पाहायचंय मला.”

आयनार केकचा घास घोळवत म्हणाला, “आई, मी तर तुझ्याच वर्गात ताठ बसून शिकलो. बघ, काय धरतोय? मासेच ना?”

“तू गप्प बस. लिल्या, सप्टेंबरात हिला गावातल्या बालवर्गात घाला. पिवळी बस दारात येते.”

“येते, पण जायला एक तास आणि यायला एक तास. हिवाळ्यात पोर अंधारात चढेल, अंधारात उतरेल. चार वर्षांची आहे हो ती. मला नाही धाडवत.”

चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. मग अम्मा म्हणाल्या, “मार्चअखेर मी स्वतः परीक्षा घेईन. वीसपर्यंत आकडे, रंग, नावाचं पहिलं अक्षर. आलं तर ठेव घरी. नाही आलं तर बस. कबूल?”

“कबूल,” लिल्या म्हणाली.

आता माझा हिशेब पाहा. सोली उत्तीर्ण झाली तर श्रेय टबाचे. नापास झाली तर ती बसने जाईल आणि टब पुन्हा मासळीत जाईल. मी नापासाच्या बाजूचा झालो. मुलगी मला मिळणार नव्हतीच. निदान त्याला तरी मिळू नये.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी अम्मांच्या हुकमाने आयनारने मला वर आणले. “परीक्षा बाकावरच होईल,” असे त्यांनी बजावले होते. मला ठेवायला जागा कोठे निघावी? टबाच्या शेजारी. इतके महिने ज्याच्यावर मी जळत होतो, तो हातभर अंतरावर होता, आणि त्याला माझी दखलसुद्धा नव्हती. प्रतिस्पर्ध्याला आपण ठाऊकच नसावे, याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

सोलीला माझ्यावर बसवण्यात आले. आयनार मासे उतरवायला अंगणात गेला. अम्मा समोर ताठ उभ्या राहिल्या.

“वीसपर्यंत मोज.”

सोली गप्प.

अम्मांनी एक गोळा उचलला. “हा कोणता रंग?”

ती अम्मांच्या तोंडाकडे पाहत राहिली. लिल्या चुलीपाशी उभी राहून भांडी धरण्याचा कापडी पंजा पिळत होती. मी सुखावलो.

“नाव काय तुझं? त्याचं पहिलं अक्षर तरी?”

मग सोलीने अगदी हळू आवाजात विचारले, “अम्मा, तुला येत नाही?”

“काय?”

“आकडे. आणि रंग. तुला काहीच माहीत नाही?” ती माझ्यावरून घसरून खाली उतरली आणि तिने अम्मांचा हात धरला. “रडू नकोस हं. मलाही आधी येत नव्हतं. ये, इथे बस, मी शिकवते.”

अम्मांनी लिल्याकडे पाहिले. मग एक हात कमरेवर ठेवून, कण्हत, एकेक गुडघा टेकत त्या टबापुढे जमिनीवर बसल्या. मी त्यांना कधी जमिनीवर बसलेले पाहिले नव्हते.

सोलीने गोळे मांडले. “आता माझ्यामागून म्हण.” दोघी मोजू लागल्या. चौदापर्यंत अम्मा गुणी विद्यार्थिनीसारख्या मागून म्हणत आल्या, आणि मग आपणच पुढे होऊन म्हणाल्या, “सोळा.”

“अम्मा! पंधरा राहिले! नीट लक्ष दे ना.”

वर्गातल्या पोरांनी पाठ केले आहे की समजले आहे, हे पाहायला त्या पूर्वीही अशीच चूक करीत. ती युक्ती त्या खोलीत फक्त मी ओळखली. पुढे त्यांनी लाल गोळा पांढऱ्यांत टाकला. सोलीने तो हुसकून काढला. पिठात त्यांनी सोलीच्या नावाचे अक्षर उलट्या तोंडाचे काढले, तिने पुसून सुलटे केले आणि म्हणाली, “असू दे, तू नवीन आहेस.”

तेवढ्यात दार उघडून आयनार आत आला. “आई! पडलीस की काय?”

“पडले नाही. शिकतेय. दार लाव, थंडी येते.”

लिल्या हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसू लागली. अम्मा तिला म्हणाल्या, “बसमध्ये नको घालू हिला. हिला येतंय. आणि तुला शिकवता येतंय.” मग पिठाच्या ताटाकडे पाहत हळूच पुढे म्हणाल्या, “एवढी वर्षं शिकवलं मी. मला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

लिल्या खाली त्यांच्याजवळ बसली. “मला तुमची भीती वाटायची, अम्मा. मंगळवारी याल?”

“येईन. गुरुवारीही येईन.”

म्हणजे त्याही हिवाळाभर जळतच होत्या तर! मला मात्र त्यांच्यासारखे कोणी मंगळवारी बोलावले नाही.

अम्मा उठू लागल्या. आधी त्यांनी टबावर भार दिला. तो गुळगुळीत फरशीवर सर्रकन सरकला. मग त्यांचा हात माझ्याकडे आला. मी बिडाचे पाय रोवून उभा राहिलो. त्यांनी माझी फळी घट्ट पकडली, सारा भार माझ्यावर टाकला आणि त्या उभ्या राहिल्या.

“बाक खाली नेऊ?” आयनारने विचारले.

“राहू दे इथेच. मंगळवारी उठताना मला याचाच आधार लागेल.”

असा त्या दिवशी निकाल लागला. सोली घरी राहिली, आणि टब चुलीजवळ राहिला. या घराकडे माझे मागणे फार नाही: टबाला माझ्यापासून आणखी हातभर दूर सरकवा, आणि अम्मांच्या गुडघ्यांवर फार औषधोपचार करू नका. धडा संपेल, सोली टबावर हात ठेवून बसलेली असेल, आणि घरातले एक माणूस तरी त्याला सोडून माझ्याकडे हात करील.