दहातले तिघे

त्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंचं भाकीत कधी चुकत नसे. आणि मंडळी, गोष्ट तिथेच बिघडली होती.

लिव्हर आकसून दगडासारखं झालेले, रक्ताची उलटी होऊन आलेले रोगी त्या वॉर्डात येत. बाई त्यांचे रिपोर्ट, नाडी, रक्तदाब मोबाइलमध्ये भरत आणि एक आकडा निघे : दीड महिन्यात हा माणूस दगावण्याची शक्यता शंभरात किती. तो आकडा त्या लाल पेनाने फायलीच्या कोपऱ्यात लिहीत. सत्तर आला की माणूस गेलाच म्हणून समजा. वॉर्डात पलंग ढकलणारे, चादरी बदलणारे मामा त्यांना पाठीमागे ‘भविष्यवाल्या बाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

सोमवारी एक शिंपी आला. त्याचा तक्ता असा :

आठ वाजता. नाडी एकशे दहा.
सव्वाआठ. नाडी एकशे आठ.
साडेआठ. बाईंनी आकडा लिहिला. सत्तर.
नऊ.
दहा.
अकरा.
बारा. नाडी एकशे चार.

मधल्या ओळी कोऱ्या. मामांनी पलंग ढकलत ढकलत पार भिंतीकडच्या कोपऱ्यात नेला होता.

“तिकडे न्यायला कुणी सांगितलं?” बाईंनी विचारलं.

“सांगायला कशाला लागतं? आकडा दिसतो की.”

शिंप्याची बायको उशाशी उभी होती. “बाई, साडेआठनंतर बारापर्यंत ह्यांना कुणी हात लावला नाही हो.”

“जन्मभर बाटलीला हात लावला तेव्हा विचारायचं होतं, मावशी,” मामा पुटपुटले.

“प्यायचे. सोडून दोन वर्षं झाली. आणि नसती सोडली, तरी पिणाऱ्याच्या अंगातून काय पाणी वाहतं? रक्तच ना?”

मामा चादर नीट करू लागले. ती नीटच होती.

दुपारी मोठ्या सिस्टर दहा फायली घेऊन बाईंच्या टेबलाशी आल्या. तीस वर्षांची नोकरी. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे.

“डॉक्टर, सत्तरच्या घरातले वर्षभरात किती आले?”

“दहा.”

“गेले किती?”

“दहाही. एकही चुकला नाही, सिस्टर.”

“सत्तर म्हणजे काय हो?”

“दहातले सात जातात.”

“मग तिघे कुठे आहेत?”

पंखा फिरत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. बाईंनी नकळत दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तरी त्यांना वाटलं, तिथे तिघं उभी आहेत. घरचे कपडे घातलेली, हातात पिशवी, घरी सोडायच्या कागदावर सही व्हायची वाट पाहणारी. चेहरे काही दिसेनात. कसे दिसणार? ते तिघे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सिस्टरांनी एकेक फाइल उघडली. लाल आकडा, आणि त्याखाली कोऱ्या ओळी. दुसरी फाइल. लाल आकडा, कोऱ्या ओळी. दहाही तशाच.

“कुणी कुणाला काही सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “आकडा दिसला आणि सगळ्यांचे पाय जड झाले. माझेही. रक्ताची बाटली उशिरा मागवली गेली. तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी उद्यावर गेली.”

“म्हणजे माझा आकडा खोटा?”

“आकडा खराच आहे. तो सात म्हणाला होता, डॉक्टर. दहा आपण केले!”

बाई उठल्या त्या थेट कोपऱ्यात गेल्या. शिंपी जागा होता.

“फायलीवर काय लिहिलंय?” त्याने विचारलं. “सगळे ते वाचतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.”

बाईंनी लपवलं नाही. दहातले सात आणि तीन, सगळं सांगितलं.

त्याने चादरीची कड चिमटीत धरली. “मापं मीही घेतो, बाई. पण आमच्यात माप घेतलं की काम सुरू होतं.”

पलंग सिस्टरांच्या टेबलासमोर आला. मामांनीच आणला, निमूटपणे. दुर्बीण त्याच संध्याकाळी झाली, अन्ननलिकेतल्या फुगून रक्त गळणाऱ्या शिरा बांधल्या. तक्ता भरू लागला :

मंगळवार. दर पंधरा मिनिटांनी नाडी. नव्वद. ब्याण्णव. नव्वद.
बुधवार, चार वाजता. नव्वद.
सव्वाचार. एकशे सव्वीस.

उलटी अजून झाली नव्हती. पण आत पुन्हा रक्त सुटल्याची चुगली नाडीने केली होती, आणि ती ऐकायला माणूस समोर होता. रक्त चढलं, पुन्हा दुर्बीण गेली, सुटलेली शीर पुन्हा बांधली.

एकोणिसाव्या दिवशी शिंपी बायकोचा हात धरून घरी गेला. पुढचा सत्तरवाला मात्र सगळं करूनही गेला. त्याच्या तक्त्यात एकही ओळ कोरी नव्हती.

बाई आजही आकडा काढतात. तो आता पहाऱ्याच्या वेळापत्रकावर लिहितात : सत्तर, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी.

मंडळी, लाल पेन काही फक्त डॉक्टरांच्याच खिशात नसतं. ‘हा वाया गेला’, ‘हिच्यात आता काही राम नाही’, असं आपणही घरात, कचेरीत कुणाच्या तरी फायलीच्या कोपऱ्यात लिहितो, आणि मग आपलंच भाकीत खरं करून दाखवतो. दहातले तिघे वाचणार असतात. ते तिघे कोण, हे कुठलंही गणित सांगत नाही. म्हणून दहाही जणांना, प्रत्येक जण त्या तिघांतलाच एक आहे असं समजून जपायचं असतं.