हिरडीतला कण

"आणखी उघड तोंड. एवढ्याशा तोंडानं नान कशी खातेस गं?" असं म्हणत डॉक्टर उमसुनाईंनी सादातच्या हिरडीत सुई टोचली.

सादातचे दोन दात हलत होते. ब्रश फिरवला की रक्त यायचं. ओश शहरातल्या दोन दंतवैद्यांनी एचआयव्हीचं नाव ऐकताच तिला खुर्चीवरून उठवलं होतं. त्याचंही तिला आता काही वाटत नसे.

"नऊ वर्षांत एक गोळी चुकवली नाही," ओठ जड व्हायच्या आत ती म्हणाली. "रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही. मग हे का?"

"रोगाशी लढणारे रक्तातले पहारेकरी परत आलेत, पोरी. हिरडीतले सगळे आले नसावेत. जे आहेत, ते उगाच आग लावत बसतात. असं का, तेच शोधायचंय. म्हणून तर हा तुकडा काढायला तुझी सही घेतली."

चिमट्यात ज्वारीएवढा लाल कण आला आणि बाटलीत बुडाला. दुसऱ्याच कुणाचा असावा, तसा सादातनं तो पाहिला.

"दात राहतील?"

"एक राहील. दुसऱ्याचा शब्द देत नाही. बाहेर बस थोडी. मंगळवारी इथं फक्त एचआयव्हीच्या गोळ्या घेणारेच येतात, लाजू नकोस."

बाहेर बाकावर एक बाई फाइल छातीशी धरून बसली होती. सादात शेजारी टेकली, तेव्हा कुठे तिनं तोंड वर केलं.

बातमा. तिची थोरली जाऊ.

रशियाहून आजार घेऊन आलेला सादातचा नवरा गेला, त्या दिवसापासून बातमानं तिला कणकेला हात लावू दिला नव्हता. लग्न असो की मयत, कणकेचे बोर्सोक बातमा तळायची. सादातनं लाकडं आणायची.

"गोळ्या सुरू होऊन चार वर्षं झाली," न विचारताच बातमा म्हणाली.

ती चारही वर्षं सादातनं लाकडंच आणली होती.

तिच्या बधिर ओठातून लाळ ओघळली, तिला कळलंही नाही. बातमानं रुमाल काढून तिची हनुवटी पुसली. रुमालावर रक्त आलं. तिनं तो घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवला.

"फार दुखतं का गं?"

"सुईपुरतं."

आतून बातमाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं.

सादातनं तिच्या हातातली फाइल काढून घेतली आणि ती उभी राहिली.

"चला, जाऊबाई. मी थांबते."