आखूड पट्टी

खिदळीला मूल हवं होतं आणि मुलाची धास्तीही वाटत होती. तिच्या आईनं नैराश्यापायी दोनदा अंथरूण धरलं होतं, महिनोन्‌महिने, भिंतीकडे तोंड करून. तेच आपल्या पोटी आलं तर? चार वर्षं ती हा प्रश्न हसण्यावारी नेत होती.

नोकरी नेमकी जनुकांच्या प्रयोगशाळेत. मनःस्थिती सांभाळणाऱ्या, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची ने-आण ज्यावर अवलंबून, ते जनुक कुणाचं लांब असतं, कुणाचं आखूड. आखूडवाल्यांना नैराश्य लवकर गाठतं, असं एके काळी बोललं जायचं. नवं यंत्र आलं की पहिली थुंकी घरच्यांची, असा तिथला शिरस्ता. खिदळीनं आईबाबांनाच धरून नेलं.

नळ्या भरताना नाकी नऊ आले. बाबांनी नळीतच फुंकून शीळ वाजवली, आईला हसू फुटलं, आणि हसताना थुंकता येत नाही हे तिघांनाही त्या दिवशी कळलं.

यंत्रात वीज सोडली की जनुकाचा आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे रेंगाळतो, आणि जिथे थांबतो तिथे त्याची पट्टी दिसते. निकालात आईची पट्टी मागे होती, म्हणजे दोन्ही प्रती लांब. बाबांची सगळ्यांत पुढे, दोन्ही आखूड. छे! आखूड तर आईचीच असणार. खिदळीनं नळ्यांची अदलाबदल झाली असं ठरवून खुशाल चिठ्ठ्या बदलल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी तिला रंगेहाथ पकडलं. नमुना बाईचा की पुरुषाचा, एवढं तरी तपासून बघ, म्हणाल्या. तपासलं. पुढे पळालेली पट्टी पुरुषाचीच निघाली. मग बाईंनी तिला समजावलं, की एकट्या त्या जनुकाची गोष्ट मोठ्या तपासण्यांत टिकलीच नाही. असंख्य जनुकं चिमूटभर वाटा उचलतात, बाकीचं काम आयुष्यात जे घडतं ते करतं.

खिदळी जिने उड्या मारत उतरली. घरी तिनं सगळं धाप लागेतो सांगितलं. दोन्ही आखूड असूनही आपण कधी खचलो नाही, म्हणून बाबा इतके फुशारले की आरशासमोर जाऊन उभे राहिले. आईनं मात्र हळूच विचारलं,

"म्हणजे मी तुला काही दिलंच नाही?"

खोटं बोलायचा मोह खिदळीनं आवरला. "दिलंही असशील. बाबांनीही दिलं असेल. मोजून कुणालाच सांगता येत नाही. पण माझ्या पोरानं कधी भिंतीकडे तोंड केलं, तर आधी तुला कळेल. तू जवळ बसशील ना?"

आईनं डोळे पुसले. मग तिला ती नळीतली शीळ आठवली असावी, कारण ती पोट धरून हसू लागली.

"बसेन की," ती म्हणाली. "मग वाट कसली बघतेस?"