बसता ओटा

पहिला हातोडा घालण्याआधी कृष्णनाथ गवंड्याने दत्तारामकडे पुन्हा एकदा बघितलं. ओटा कोरा करकरीत होता. काळा गुळगुळीत दगड, कडेला पांढऱ्या सिमेंटचे ठिपके, आणि त्याच्यावर अजून चहाचं भांडंसुद्धा चढलेलं नव्हतं.

"दत्तारामबाब, लोक माका उंच ओटे घालूक बोलवतत," कृष्णनाथ म्हणाला. "आसलेलो मोडूक बोलवणारे तुमीच पयले."

"तू मोड," दत्ताराम म्हणाला. "माप माज्याकडे आसा."

माप होतं त्याच्या बायकोचं. सत्यवती पाटावर बसली की तिचं कोपर जमिनीपासून जेवढ्या उंचीवर येतं, त्याच्या वीतभर खाली त्याला ओटा हवा होता. एका अंगाला स्टोव्ह, मध्ये भांडी, दुसऱ्या अंगाला आदोळी, म्हणजे खवणीची विळी, मांडून नारळ खवायला मोकळी जागा. तिने नुसतं बसावं आणि सगळं हाताशी यावं. कृष्णनाथने मान हलवली आणि हातोडा घातला. घर तुमचं, अक्कल तुमची, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

दत्ताराम म्हापशाच्या बाजारात एका टेलरच्या दुकानात कटर होता. शिवणारे बसतात, कापणारा उभा राहतो. उभं राहून कापड कापण्यात त्याचा जन्म गेला होता. संध्याकाळी पोटऱ्या अशा भरून यायच्या की दुकानाच्या माळ्यावर झोपायला चढताना तो शिडी धरून थोडा वेळ थांबायचा. सुख म्हणजे काय, असं कुणी त्याला विचारलं असतं तर तो बसणं म्हणाला असता. त्या वर्षी गोवा घटक राज्य झालं. दुकानात कोंकणी-मराठीचे वाद रोज व्हायचे, पण माप द्यायला उभे राहिले की दोन्ही बाजूंचे लोक हात सारखेच वर करायचे, म्हणून दत्ताराम त्या वादात कधी पडला नाही.

शनिवारी संध्याकाळच्या बसने तो इब्रामपूरला घरी जायचा. तिथे आई होती, गाय होती, काजूची बाग होती, आणि हे सगळं ओढणारी सत्यवती होती. आईला सोडून शहरात कशी येऊ, असं ती म्हणायची आणि तो एकटाच परत जायचा. मग आई गेली. मुलगी गौरवी लग्न होऊन पणजीला गेली. गाय भावाच्या गोठ्यात गेली. दत्तारामने आयुष्यभराची पुंजी बाजाराच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत घातली. दुसरा मजला, दोन खोल्या. सत्यवतीने निरोप धाडला की दिवाळी झाली की आठवडाभर येते. राहायचं की नाही ते जागा बघून ठरवीन.

तेव्हापासून तो दुकान सुटलं की रोज तिथे जाऊन बसायचा. दिवा न लावता चटईवर पाय पसरायचा आणि जिन्यावरून चढत येणारे वास घेत राहायचा. खालच्या मजल्यावर व्हिनेगर आणि लसूण. समोरच्या दारात तळलेले मोडसे मासे. वरून हिंगाची फोडणी उशिरा यायची, तिथला माणूस बँकेतून उशिरा येत असावा. शहरात माणूस शेजाऱ्याला तोंडाने ओळखायच्या आधी फोडणीने ओळखतो. आपल्या दाराला अजून कसलाच वास नाही, फक्त चुन्याचा आहे, हे दत्तारामला फार लागायचं. मग तो डोळे मिटून आपला वास ठरवायचा. बांगड्याचं हुमण, त्यात तिरफळं ठेचून टाकलेली. ओला नारळ. शेवटी आमसुलाची सोलं. जिना चढणारा माणूस आपल्या दारापाशी पाऊलभर रेंगाळेल. आत सत्यवती पाटावर बसलेली असेल आणि आपण तिच्या शेजारी बसलेले असू. इतक्या वर्षांत आठवड्याचा एक दिवस मिळाला होता, आता सगळे सात मिळणार होते. असा विचार करता करता त्याला तिथेच झोप लागायची, आणि सकाळी पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की जाग यायची. खाली जाऊन तो गरम उंडे पाव घ्यायचा आणि उगाच दोन माणसांचे घ्यायचा.

ओट्याचं माप त्याने गणेशचवथीला गावी घेतलं होतं. सत्यवती चुलीपुढे बसून नारळ खवत होती. तो तिच्या मागे वाकला. काय शोधता, असं तिने विचारलं. बटण पडलंय, असं तो म्हणाला. टेप लावायची गरजच पडली नाही. अनोळखी माणसाच्या खांद्याचं माप जो दारातून सांगतो, त्याला बायकोच्या कोपराला टेप कशाला? माप बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मापाची काही चूक नव्हती.

उभा ओटा का नको, त्यालाही कारण होतं. गौरवीच्या बाळंतपणाला सत्यवती महिनाभर पणजीला राहिली होती. तिथे उभा ओटा होता. परत आली तेव्हा तिचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते. उभं राहिल्याने सुजले, एवढंच ती म्हणाली होती आणि दत्तारामने ते मनात गाठ मारून ठेवलं होतं. सुजलेले पाय म्हणजे काय ते त्याच्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

गोकुळदासच्या खाणावळीत तो लग्नाआधीपासून जेवत आला होता. ओटा मोडल्याची गोष्ट ऐकून गोकुळदासने कढीची डाव हवेतच थांबवली.

"वयनीक इचारलंस?"

"मापां घेवक इचारूचां लागता काय?" दत्ताराम म्हणाला.

गोकुळदासने त्याला त्या दिवशी जरा जास्त कढी वाढली.

सत्यवती यायच्या आदल्या दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. जाड कापड, दुहेरी शिवण, खाली दोन बोटं दुमड. रस्त्यावरची धूळ येऊ नये आणि समोरच्यांची नजर आत पडू नये. तसा त्या पडद्याचा फार उपयोग नव्हता, कारण बसल्यावर खिडकीतून आभाळाचा एक तुकडा तेवढा दिसायचा.

शनिवारी दुपारी ती आली. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेली स्वतःची आदोळी. दत्ताराम तिला एकेक दाखवत गेला. मोरी, नळ, सामानाची फळी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थांबली. तिने खालचा ओटा बघितला. मग वरची खिडकी बघितली. मग भिंतीवर मोडलेल्या ओट्याची कड होती तिथे नवा चुना लावलेला दिसत होता, तो बघितला. मग पदराने तोंड पुसलं. दत्तारामला वाटलं, गहिवरली.

"बरां आसा," ती म्हणाली.

नव्या जागेत पहिल्यांदा दूध तापवून उतू जाऊ देतात. दत्तारामने सकाळीच दूध आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, आज दमलेय, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या. स्टोव्ह तिने बाहेरच्या खोलीत खाली जमिनीवर ठेवला आणि तिथेच चहा केला. जेवणाला खाणावळीचा डबा आणला. तिसऱ्या दिवशी तर तिने दुधाचं नावच काढलं नाही. ओट्यावर तिची आदोळी गोणपाटातच पडून राहिली.

दत्ताराम कामावर जायचा आणि कापडावर खडूची रेघ मारून थांबायचा. मनातल्या मनात तो रागावला होता. एवढा खर्च, एवढी खटपट, आणि हिला काय झालंय ते सांगायला तोंड नाही? बुधवारी रात्री जेवायला बसल्यावरही तो तसाच फुगून होता. सत्यवतीने डब्यातली कढी भातावर घेतली, एक घास खाल्ला आणि थांबली. मग ताटाकडे बघतच म्हणाली,

"इतकी वर्सां तुमी ह्यां जेवलात?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाईट वाटलं होतं. त्याचा राग तिथल्या तिथे उतरला. गोकुळदास मनाने चांगला आहे, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग त्याने सरळ विचारलं, की ओटा आवडला नाही का?

"मोडलात तो उंच होतो?"

"होय. तुजे पाय सुजतत म्हणान मोडलंय."

सत्यवतीने ताटातला घास गोळा करून एका बाजूला सारला.

"पणजेक सुजले ते रांधून नाय. रांधून झालां तरी मी खिडकीकडसून हलूक नाय," ती म्हणाली. "चुलीम्होरां बसान जल्मभर मी माणसांचे पाय बघलंय. सासूचे, दिराचे, पावण्यांचे. शनवारी तुमी इलात की तुमचेव पयले पायच दिसत. तोंड बघूक मान वर करूची लागी. थंय उभ्यान रांधताना पयल्यांदा माका रस्त्यार जाणाऱ्यांची तोंडां दिसली. म्हणान ही जागा घेतलात तेवां माका बरां वाटलां."

 मला सांगायचं तरी, असं दत्ताराम म्हणाला.

"तुमी इचारलात खंय?"

कृष्णनाथला उद्या बोलावतो, पुन्हा उंच करून घेतो, असं तो घाईघाईने म्हणू लागला. तिने मान हलवली. एक वस्तू दोनदा मोडू नये, आणि तुमच्या हातून आता आणखी खर्च नको. तिकडे काजूच्या बागेत पाला काढायचा राहिलाय. शुक्रवारच्या दुपारच्या गाडीने जाते. तुम्ही शनिवारी या, नेहमीसारखे. हे सगळं ती अगदी प्रेमाने म्हणाली आणि तेच त्याला सहन झालं नाही.

गुरुवारी कामावरून आल्यावर त्याने फक्त एक गोष्ट केली. स्टुलावर चढून खिडकीचा पडदा दांडीसकट काढला. सत्यवती बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिने बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्या शुक्रवारी दत्ताराम जन्मात पहिल्यांदा कामावर गेला नाही. सकाळपासून रस्ता माणसांनी भरून गेला होता. डिचोलीची मडकी, पेडण्याच्या मिरच्या, केळ्यांचे घड, चवळीच्या जुड्या. दुपारी सत्यवतीने गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. गाडीला अजून अवकाश होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याच्या कडेला नडग्या टेकवून, खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

निघताना तिला चहा तरी द्यावा म्हणून दत्तारामने बाहेरचा स्टोव्ह उचलून आत आणला आणि कोपऱ्यात ओट्यावर ठेवला. पाट घेतला. बसला. पातेल्यात दूध घातलं. सगळं हाताशी येत होतं, काडेपेटी, चहा, साखर. पोटऱ्या सैल पडल्या. बसण्याचं सुख काय असतं ते त्याला कळलं, पण हे सुख आपलं होतं आणि ओटा तिच्यासाठी केला होता, हेही कळलं.

"ती बघा, वरल्या वाड्यातली रुक्मिणी," खिडकीतून सत्यवती म्हणाली. "मिरच्यो घेवन बसली आसा." मग थोडं थांबून म्हणाली, "केस पिकले तिचे. रोज घरात येयत जायत होती, माका ठावकच नाय."

तो स्टोव्हला पंप मारत ऐकत होता. ती बोलत राहिली. मासेवालीशी कोण घासाघीस करतंय. खालच्या मजल्यावरची म्हातारी दोन माणसांएवढे पाव घेऊन चाललीय. पुलाच्या बाजूने एक लग्नाचं वऱ्हाड येतंय आणि नवऱ्याचा कोट खांद्यात ओढला जातोय, तुमच्या दुकानातला नसावा. दत्ताराम हसला. इतकं बोलताना त्याने तिला इब्रामपूरला कधी ऐकलं नव्हतं.

मग कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. इब्रामपूरची गाडी. तिचा आवाज दोघांच्याही ओळखीचा होता. गाठोडं दाराशी होतं.

"गाडी सुटात," दत्ताराम म्हणाला.

सत्यवती खिडकीपासून हलली नाही. भोंगा पुन्हा वाजला. बायका टोपल्या वर चढवत असाव्यात, कंडक्टर ओरडत होता.

"सुटांदे," ती म्हणाली.

दत्तारामने मान वळवली. पाटावरून त्याला ती दिसत नव्हती. त्याला तिचे पाय दिसत होते. भेगा पडलेल्या टाचा, झिजून पातळ झालेली जोडवी, घोट्यापाशी आताच आलेली थोडी सूज. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघता यावी म्हणून तिने टाचा उचलून धरल्या होत्या.

"दूध वर इलां," मागे न बघता सत्यवती म्हणाली.

"येवंदे," तो म्हणाला. दूध काठावरून फेसाळत ओट्यावर उतरलं, आणि तो तिच्या पायांकडे बघत राहिला.