बिनतळ्यांची विहीर

"खोली? आमच्या विहिरीची खोली विचारताय?"

सासऱ्यांनी हातातलं खुरपं चिखलात रोवलं आणि नर्सबाईंकडे असं बघितलं, जणू बाईंनी त्यांच्या बापाची अक्कल काढली होती.

नर्सबाईंचाही इलाज नव्हता. आठ दिवसांच्या रिपरिपीनं काळ्या मातीचा नुसता लगदा झाला होता. गोठ्यांतलं पाणी वाट फुटेल तिकडं वाहून विहिरीत मुरलं होतं आणि गल्लीतल्या घराघरांत दोरीवर लहान मुलांचीच कापडं दिसत होती. बाईंनी औषधाच्या पावडरीचा पाच किलोचा डबा कट्ट्यावर ठेवला.

"हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. कमी पडलं तर उपयोग नाही, आणि जास्त झालं तर लेकरांचे घसे सोलून निघतील. आधी पाणी किती ते काढा, मग टाका. आठवड्यानं येऊन तपासते."

"बाई, ज्या विहिरीला तळच नाही, तिचं पाणी कसं काढणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणत बाईंनी चिखलात रुतलेली स्कूटर उपसली आणि निघून गेल्या.

आता हे तळ नसण्याचं प्रकरण साधं नव्हतं. सासऱ्यांच्या आजोबांनी ही विहीर खणली. एकदा त्यांनी सात दोर एकमेकांना बांधून आत सोडले, तरी तळ लागला नाही. तेव्हापासून घराण्याला 'बिनतळे' नाव पडलं. मूळ आडनाव काय होतं ते आता कुणाला आठवतही नव्हतं. जमीन वाटण्यांत तुकडे तुकडे झाली, बैल गेले, माडीचे पत्रे वाऱ्यानं नेले; मिरवायला उरली ती एवढी विहीर.

आणि या घरची धाकटी सून, जिला सगळी गल्ली 'शिकलेली' म्हणायची, ती दारात उभी राहून त्या डब्याकडे बघत होती. कडेवर दहा महिन्यांची छकुली. चार दिवसांच्या जुलाबानं पोरीच्या पायातले वाळे सैल झाले होते. शिकलेली पाणी उकळायची, गाळायची, झाकायची, झाकणावर वाटी पालथी घालायची. पण रांगतं पोर ते! जावेच्या बादलीत हात, गुरांच्या टाकीत हात, आणि हात तोच लगेच तोंडात. एकट्या आपल्या पोरीचं पाणी उकळून काही होणार नव्हतं. विहीरच साफ व्हायला हवी होती.

दुपारी तिला मोबाईल आठवला. भावानं परवाच काहीतरी नवीन घालून दिलं होतं. "ताई, हे नुसतं शोधून दाखवत नाही. प्रश्न विचार, ते गणित करून उत्तर देतं." नवं यंत्र, त्यावर विश्वास ठेवायचा तर आधी ठोकून बघायला हवं. तिनं कॉलेजातलं इंग्रजी गोळा करून छकुलीची जन्मतारीख घातली. पोर आज तीनशे अकरा दिवसांची, असं उत्तर आलं. तिनं बोटांवर मोजलं. बरोबर.

थोरली जाऊ भांडी घासता घासता मान लांब करून बघत होती. "मला विचारू दे की. रोज चाळीस भांडी, अकरा वर्षं. किती झाली?"

शिकलेलीनं घातलं. "एक लाख साठ हजार सातशे वीस."

जाऊ घासणी हातात धरून तशीच बसून राहिली. मग वळून ओरडली, "आई! ऐकलंत का? एक लाख साठ हजार! आणि तुम्ही काल म्हणालात, हिला काम नको!"

"त्यात मी घासलेली धरली का?" आतून सासूबाईंनी विचारलं. "माझी धरायला गेलं तर ते मशीन फुटेल."

तेवढ्यात सासरे आले. प्रकार समजल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "असं? मग विचार त्याला, या गल्लीत सगळ्यात शहाणा माणूस कोण?"

विचारलं. उत्तर आलं, की काय मोजायचं ते समजलं नाही.

"बरोबर समजलंय त्याला," आतून सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी उघडीप मिळाली तशी कट्ट्यावर माणसं जमली. मधोमध सासरे, मांडीवर डबा. त्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता. "बिनतळाच्या विहिरीला ग्रॅममध्ये काय औषध घालता? उद्या दहा वाजता हा अख्खा डबा ओततो."

अख्खा डबा! शिकलेलीनं छकुलीला खांद्यावर घट्ट धरलं आणि पदर सारखा करत पुढं झाली. "मामंजी, मोबाईलला विचारून बघू या का? तो बरोबर हिशोब सांगतो."

"विचार की! आम्ही काय भितो काय?"

जावेनं शिवणाची टेप धरून विहिरीचं तोंड मोजलं, बारा फूट. शिकलेलीनं ते घातलं. "आणि खोली, मामंजी?"

"अथांग," सासरे म्हणाले.

"आकडा लागतो."

"अथांग म्हणजे अथांग! मी सांगतो तसं घाल. त्यात काटछाट नको."

सगळ्यांसमोर काय बोलणार? तिनं खोलीच्या जागी अनंत असं घातलं. मोबाईलनं क्षणभर विचार केला आणि उत्तराच्या जागी एक चिन्ह काढलं.

किराणा दुकानदार डोकावला. "हे काय? आठ आडवा पडलाय."

"चक्कर आली असेल त्याला," मागून कुणीतरी म्हणालं. "आपली विहीर बघून."

"तसं नाही," शिकलेली चाचरत म्हणाली. "याचा अर्थ, औषधाला अंतच नाही. जगातलं सगळं आणून ओतलं तरी पुरणार नाही."

सासरे ताडकन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत? मशीनसुद्धा तेच म्हणतंय! आज आजोबा असायला हवे होते!" आणि लगेच दुकानदाराकडे वळून, "तुझ्याकडे अजून एखादा डबा आहे का रे?"

झालं भलतंच. मदतीला म्हणून काढलेलं यंत्र उलट सासऱ्यांच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळं झालं होतं. पण त्याचा तरी काय दोष? त्यानं आपलं गणित चोख केलं होतं. त्याला जे सांगितलं तीच मुळात थाप होती.

"मामंजी," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ते सात दोर सोडले ना, त्यांना खाली वजन काय बांधलं होतं?"

"वजन कशाला बांधतील?" सासरे तिच्या अज्ञानाला हसले. "दोर मोजायचा होता, वजन नव्हे!"

शिकलेलीच्या डोळ्यांपुढं तळाशी गपचूप वेटोळं घालून बसणारा दोर आला. एकावर एक सात दोर. वर आजोबा सोडतायत, सोडतायत, आणि टाळ्या पडतायत.

सकाळी झुंजूमुंजू झालं, तशी ती आणि जाऊ कळशी घेऊन बाहेर पडल्या. कळशीत खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. जावेनं तो दोराच्या टोकाला बांधला. गाठ अशी मारली, जणू ती सुटली तर बत्ता आणि संसार दोन्ही बुडाले असते.

"कुणी बघितलं तर काय सांगायचं गं?"

"कांडायला आलोय म्हणा."

"विहिरीत?"

हसू दाबत त्यांनी दोर सोडला. बत्ता डुबूक करून बुडाला, दोर हातातून सळसळ खाली गेला आणि एकदम ढिला पडला. शिकलेलीनं पुन्हा उचलून टेकवला. टक्. पुन्हा टक्. तळ. घराण्याला नसलेला तळ, अगदी दारावर थाप मारावी तसा वाजला.

"अगं बाई," जाऊ म्हणाली. "बिनतळ्यांचे तळे झालो की आपण."

दोर वर काढून त्यांनी भिजलेला भाग टेपनं मोजला. अकरा फूट. मागं बांगड्या वाजल्या म्हणून दोघी गर्रकन वळल्या. सासूबाई! कमरेवर घागर, आणि नजर थेट बत्त्यावर.

शिकलेलीनं बत्ता पदराआड केला. "आई, पोरीसाठी केलं हो. तो अख्खा डबा..."

"किती भरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"अकरा फूट."

"एवढंच असणार. पावसाचं चढलंय म्हणून. उन्हाळ्यात इथवर येतं." त्यांनी छातीवर आडवा हात धरला.

जावेनं दोर खाली ठेवला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझी तांब्याची कळशी पडली होती आत. लग्नाला सहा महिने झालेले, कळशी माहेरची. दुपारी सगळे झोपल्यावर पायऱ्यांच्या दगडांना धरून उतरले, तळावर उभी राहिले आणि पायानं चाचपून कळशी काढली. खाली सगळा कातळ आहे. खालून गार पाणी लागतं पायाला, बरं वाटतं." त्यांनी घागर कट्ट्यावर टेकवली. "समोरची म्हातारी पण उतरलीय एकदा. तिची बादली होती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?" सासूबाई म्हणाल्या. "चहा झाला का, एवढंच विचारतात."

शिकलेलीनं मोबाईल काढला. तोंड बारा फूट, पाणी अकरा फूट. उत्तर आलं, पस्तीस हजार दोनशे अठ्ठावीस लिटर. औषध अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. तिनं दोनदा घालून बघितलं, मग कागदावर पेनानं केलं, कारण पोर तिची होती, मोबाईलची नव्हती. तेच आलं.

"पण मामंजींना सांगायचं कसं? चारचौघांत त्यांचं नाक कापलं जाईल."

"नाक त्यांच्याकडे भरपूर आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण थांब. मी बघते."

दहाला गल्ली लोटली. सासरे धुतलेला सदरा घालून आले, डब्याचं झाकण काढलं. तिखट वास सुटला आणि पुढं उभी असलेली चारपाच पोरं खोकू लागली. छकुलीनं खोकत आईच्या मानेत तोंड खुपसलं.

"अहो," सासूबाई गर्दीतून म्हणाल्या. आवाज असा मऊ, की सासरे तिथंच सावध झाले. "एक विचारू का? आपण पाणी शेंदतो, ते वरचं की खालचं?"

"वरचंच. खालचं कसं येईल?"

"तेच म्हणते. बादलीला दोर असा किती? वरचे अकरा फूट आपल्या पिण्याचे. त्याच्या खाली ते तुमचं अथांग. ते कुणी पीत नाही. मग त्याला औषध कशाला? आजोबांनी खणलेलं चांगलं पाणी, त्यात पावडर कालवायची?"

सासऱ्यांनी डब्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. नातीचा खोकला ऐकला. मग बायकोकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोचा मऊ आवाज ओळखता येतो.

"मी तेच सांगणार होतो," ते खाकरून म्हणाले. "अथांगाला हात लावायचा नाही. फक्त वरचे अकरा फूट. सूनबाई, वरच्या अकरा फुटांना किती?"

"अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, मामंजी," ती इतक्या पटकन म्हणाली की जावेनं तिला चिमटा काढला.

दुकानदाराच्या तराजूवर पावडर तोलली. मूठभरही भरली नाही. दुकानदार कुरकुरला, "एवढ्यानं काय होणार?" तर सासरे त्याच्यावरच खेकसले, "तुला काय कळतं? गणित आहे ते!" बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं चहूबाजूंनी ओतलं. तासभर कुणाला शेंदू दिलं नाही.

रोज तेवढंच औषध पडू लागलं. दोरीवरची कापडं एकेक करत कमी झाली. पाचव्या दिवशी छकुलीनं वाटीभर पेज संपवली आणि वाटी जमिनीवर आपटून आणखी मागितली. शिकलेली पुढचे दोन तास तिच्याकडे टक लावून बसली. काही झालं नाही. पोर हसली, रांगत गेली आणि जावेच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. शिकलेलीचा जीव दचकला आणि मग सावकाश भांड्यात पडला.

आठवड्यानं नर्सबाई आल्या. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. रंग हवा तसा आला. "अगदी बरोबर! खोली किती निघाली?" त्यांनी वही उघडली.

"वरची अकरा फूट," सासरे म्हणाले. "खालची अथांग. तसंच लिहा."

बाईंनी शिकलेलीकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे पाहिलं. बाईंनी अकरा लिहिलं, आणि पेन उगाच थोडं जास्त हलवलं.

त्यानंतर चार दिवस कडक ऊन पडलं. दुपारी सगळे आडवे झाले असताना शिकलेली कापडं वाळत घालायला बाहेर आली आणि जागीच थबकली. सासरे एकटेच विहिरीवर वाकले होते. हातात दोर, आणि दोराच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता. त्यांनी दोर वर घेतला, भिजलेला भाग टेपनं मोजला, डोळ्यांजवळ नेऊन आकडा बघितला. चेहरा असा झाला, जणू एखादं जवळचं माणूस गाडीत बसवून परत आले असावेत.

ती मागं सरणार, तोच त्यांनी तिला पाहिलं.

ना ते रागावले, ना ओशाळले. दोर गुंडाळत जवळ आले, इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साडेदहा आहे आज. अकराच्या हिशोबानं घातलंस तर पोरीला जास्त होईल. विचार बरं तुझ्या मशीनला."

तिनं विचारलं. "चौऱ्याऐंशी ग्रॅम, मामंजी."

"चौऱ्याऐंशी," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. मग ओला बत्ता सदऱ्याच्या टोकानं कोरडा पुसून तिच्या हातात दिला. "हा जागेवर ठेव. आणि तुझ्या सासूला यातलं काही सांगू नकोस. तिला बिचारीला वाटतं, विहिरीला तळ नाही."