दोनशे झावळ्यांची कमान

दुसऱ्याच्या जिवावर मिरवायची हौस माणसाला कुठल्या थराला नेते, ते आमच्या ऐन झियाद गावच्या मोन्सेफने दाखवून दिलं.

जुलैत त्याच्या मुलाचं लग्न होतं. आमच्या मरुद्यानात लग्नघराच्या दाराला खजुरीच्या हिरव्या झावळ्यांची कमान घालतात. जितक्या झावळ्या, तितकी घराची इज्जत. शेजाऱ्याने ऐंशी लावल्या होत्या, म्हणून मोन्सेफला दोनशे हव्या होत्या. स्वतःची झाडं त्याने कधीच विकली होती. मग नजर गेली विधवा बहिणीच्या बागेवर. दलीलाची फक्त पाच झाडं, आणि त्यांच्या खजुरावर तिचं वर्ष निघायचं.

झाडांवर चढणाऱ्या लझरकाकांनी साफ नकार दिला. "वाळलेल्या लागतील तेवढ्या काढून देतो. हिरव्यांना हात लावणार नाही." मोन्सेफने बाहेरगावची माणसं आणली. दलीला बाजारातून परतली, तेव्हा पाचही झाडांना शेंड्याचा नुसता झुपका उरला होता. खालचा पुदिना आणि डाळिंबं भर उन्हात उघडी पडली होती.

ती तशीच भावाच्या दारात गेली.

"माझी झाडं का सोललीस?"

"हळू बोल, पाहुणे आलेत. उलट तुझं भलंच केलं," मोन्सेफ म्हणाला. "पानंच तर पाणी उडवतात. पानं कमी, तहान कमी. तुझ्या पाळीचं पाणी वाचेल."

लझरकाका तिथेच बसले होते. "पाणी पानांतून उडतं, एवढं खरं," ते म्हणाले. "पण ज्या बारीक छिद्रांतून ते बाहेर जातं, त्यांतूनच हवा आत येते. ती हवा आणि मुळांनी आणलेलं पाणी घेऊन पान उन्हाच्या जोरावर साखर बनवतं. एका घडासाठी आठ-नऊ पानं राबतात. तू चूल फोडलीस आणि वर सरपण वाचलं म्हणतोस!"

"खोडात साठा असतो की."

"असतो. पण झाडही श्वास घेतं, रात्रंदिवस. मूळ, खोड, फळ, सगळी साखर जाळूनच जगतात. कमावणारी पानं गेली, खाणारी तोंडं तेवढीच राहिली. साठा किती दिवस पुरणार?"

"काका, तुम्ही झाडावर चढा. शाळा नका घेऊ."

सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याची चीड मला आजही येते. दलीला परत गेली. तिसऱ्या दिवशी कमान वाळली आणि गाढवांपुढे पडली.

लग्नानंतरच्या पहिल्या तोडणीला वराकडून वधूच्या माहेरी खजुराचा एक अख्खा घड जातो. ऑक्टोबरात मोन्सेफ व्याह्यांना घेऊन त्याच बागेत आला. तेवढीही लाज त्याला वाटली नाही. लझरकाकांनी त्यातल्या त्यात बरा घड उतरवला. फळं सुरकुतलेली, साल बियांना चिकटलेली. व्याह्यांनी एक तोंडात घातलं आणि हळूच रुमालात काढलं.

"आमच्याकडे हे शेळ्यांना घालतात," ते म्हणाले.

"या फळांचं अन्न दाराला टांगलं होतं, व्याहीबुवा," दलीला म्हणाली. "तुमच्या लेकीच्या स्वागताला. तुम्ही त्याच्या खालूनच आत आलात."

"ती दोनशे पानं? ती बहिणीची होती?" व्याह्यांनी मोन्सेफकडे पाहिलं. तो मान वर करेना. तसाच म्हणाला, "दलीला, चुकलो. माझ्या हौसेपायी तुझं वर्ष बुडवलं."

"वर्ष नाही, चार वर्षं. शेंडा भरायला तेवढी लागतात."

तेव्हापासून दलीलाच्या घरचा गहू मोन्सेफकडून येतो, आणि तो उपकार म्हणून देत नाही. वसंतात लझरकाकांनी झाडाला झेपतील तेवढेच घड ठेवले, बाकीचे छाटले. मोन्सेफ खाली उभा राहून ते गोळा करत होता. दलीला अजून त्याच्याशी धड बोलत नाही, आणि तिने का बोलावं?

यंदा त्याच्या मुलीचं लग्न झालं. दाराला वाळलेल्या झावळ्या होत्या, अवघ्या बारा. कुणीतरी कुजबुजलं, तसा मोन्सेफ स्वतःच मोठ्याने म्हणाला, "हिरव्या झावळ्या झाडावरच आहेत. कामावर आहेत."

मंडळी, आपल्या दाराची शोभा कुणाच्या ताटातून आली आहे, हे आधी विचारा. आणि विचारणाऱ्याला हसू नका, मी हसलो तसे.